सुईचं दूध

पपईच्या बागेला आडोसा नसतो. कपाशीत बाई वाकली की दिसत नाही, उसात तर हत्ती लपेल. पण पपईचं झाड म्हणजे खाली नुसता उघडा खांब आणि वर छत्री. या बांधावर उभं राहिलं की त्या बांधावरचा माणूस विडी पेटवताना दिसतो. गिरधरने बाग लावताना रोपांमधलं अंतर मोजलं, ठिबकच्या नळ्या मोजल्या, ट्रक वळायला जागा सोडली. बागेत बाई दिवसभर राबणार आणि बाईलाही देह असतो, हे मात्र त्याला सुचलं नाही. शेजारच्या बागवाल्यालाही सुचलं नव्हतं.

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर गुजरांची जुनी वस्ती आहे. तिथे गिरधरचं घर. घरात तो, त्याची आई जसोदाबाई, बायको चेतना आणि तिसरीतली रुपा. फाल्गुनाचं ऊन लागलं तशी पपई एकदम रंगावर आली. व्यापारी रोज भाव पाडत होता आणि मजूर सगळे गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. मग घरचेच हात. गिरधर फळ उतरवायचा, चेतना ते रद्दीच्या कागदात गुंडाळून रचायची, आणि व्यापाऱ्याची हमाल टोळी ट्रकच्या सावलीत बसून बघायची. पपईचा चीक मनगटापर्यंत उतरायचा. त्याने कातडी भाजायची, पण त्याची तक्रार कोण करतो? तक्रार होती दुसरीच, आणि ती सांगण्यासारखी नव्हती. टोळी बसलेली असेपर्यंत चेतनाला कुठे बसता येत नव्हतं.

तिने त्यावर सगळ्या बायका काढतात तोच उपाय काढला. पाणी प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, मग संध्याकाळी घरी येईपर्यंत घशाखाली थेंब नाही. सासूला कळलं तेव्हा ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, "बरं करस. आमनं बी आसंच आयुष्य गयं."

काही दिवसांनी लघवीला आग व्हायला लागली. चेतनाने कुणाला सांगितलं नाही. मग कमरेच्या वर, पाठीत एका बाजूला ठणका लागला. तो वाकून वाकून लागला असेल, असं तिने ठरवून टाकलं. आणि एका दुपारी, डोकं फुटेल अशा उन्हात, तिच्या हातापायांना कापरं भरलं. हातातली पपई निसटली आणि फुटली.

"ओ बाई, माल आपटू नका," टोळीतला एक जण ओरडला. "एक डागी निघालं की व्यापारी आख्खी गाडी डागी धरतो."

गिरधरने आधी फुटलेल्या पपईकडे पाहिलं, मग बायकोकडे. असं पाहिल्याचं त्याला नंतर वाईट वाटलं, पण पाहिलं तसंच.

"काय व्हई ऱ्हायनं तुले?"

"थंडी वाजी ऱ्हायनी."

"इतला ऊनमा?"

तिचे दात वाजत होते. त्याने मोटरसायकल काढली, तिला मागे बसवून स्वतःच्या गमछ्याने आपल्या पाठीशी बांधलं आणि शहाद्याला नेलं.

तिथली डॉक्टरीण वयाने तरुण होती. तिने चेतनाच्या पाठीवर हलकेच मूठ मारली आणि चेतना बाकावरून अर्धी उठली. लघवी तपासली, रक्त तपासलं. "जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत," ती म्हणाली. "रोज एक इंजेक्शन, शिरेतून. पूर्ण आठवडा. दोन-तीन दिवसांत ताप जाईल, बरं वाटेल. तरी थांबायचं नाही. अर्धवट सोडलं तर उरलेले जंतू औषधाला सरावतात. मग तेच औषध त्यांच्यासाठी पाणी." मग तिने चेतनाला विचारलं, "पाणी का पीत नाही तुम्ही?"

चेतनाने नवऱ्याकडे पाहिलं. गिरधर भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत होता. डॉक्टरीण बाई होती, तिला उत्तर कळलं असावं. तिने पुन्हा विचारलं नाही.

हाताच्या पाठीवर नळी बसवली गेली. रोज सकाळी मोटरसायकल, पूल, शहादा, रांग, सुई, परत. यात अर्धा दिवस जायचा आणि तो अर्धा दिवस पपई झाडावर पिवळी होत राहायची. व्यापाऱ्याचा फोन यायचा. गिरधर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून "उनू, उनू", आलोच, असं म्हणायचा आणि मागे चेतनाला आपण कुणाच्या तरी डोक्यावर बसलो आहोत असं वाटायचं. डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे ताप गेला. पाठ हलकी झाली. तिला भाकरी गोड लागली.

नेमकी तेव्हाच म्हैस बिघडली.

म्हैस नुकतीच व्यालेली, घरातली सगळ्यात कमावती बाई म्हणायला हरकत नाही. तिच्या कासेचा एक भाग दगडासारखा कडक झाला आणि दुधात गाठी येऊ लागल्या. चुनीलाल हा आसपासच्या गावांतला ढोरांचा डॉक्टर. त्याने कास दाबून पाहिली, म्हशीने लाथ झाडली, तो शिताफीने मागे सरला.

"पाच दिन सुई देनी पडी," तो म्हणाला. "एक बी दिन चुकाले नको, नईतं हाई कास कायमनी जाई. आन सुया चालू शेतस तवलोंग न त्यानानंतर बी दोन-तीन दिन डेअरीले दूध देवानं नई. औषध उतरस दूधमा."

"मंग दूधनं काय करानं?" जसोदाबाईने विचारलं.

"फेकी देवानं."

जसोदाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने पोरगं फेकून द्यायला सांगितलं. दूध उतू गेलं तरी ती चुलीला हात जोडणारी बाई. पण डेअरीची तिला धास्ती होती. मागच्या साली समोरच्या रमिलाबाईची कॅन डेअरीवाल्याने सगळ्यांसमोर परत केली होती, 'दवाईवाली म्हैस' म्हणून, आणि रमिलाबाई कितीतरी दिवस त्या रस्त्याने गेली नव्हती. तेव्हा डेअरीला नाही, गटारात नाही. घरात दुधाचं पातेलं भरून बसलं. ज्या घरात चहात दूध मोजून पडायचं तिथे आता साय धरत होती.

त्या संध्याकाळी गिरधर ओट्यावर बसून चुनीलालने टाकून दिलेली रिकामी बाटली हातात फिरवत होता. काहीतरी आठवून तो उठला, खिडकीत ठेवलेली चेतनाच्या औषधाची बाटली घेऊन आला आणि दोन्हींची नावं अक्षर लावून वाचली. शिकलेला माणूस होता, बारावीपर्यंत.

"आई, नाव एकच शे."

"कसानं?"

"औषधनं. चेतनानी सुई न म्हशीनी सुई, एकच. म्हशीनी बाटली मोठी शे, इतलंच."

जसोदाबाई गप्प झाली. ती गप्प झाली की घरात काहीतरी ठरत असायचं. मग ती सावकाश म्हणाली, "चुनीलाल सांगस दूधमा औषध उतरस. डॉक्टरीन सांगस वहूले तेच औषध दे. मंग रोज शहाद्याले पेट्रोल कसाले जाळो? दूधच दे ना तिले."

या बोलण्यात चूक काढायला वकील लावला असता तरी सापडली नसती. गिरधरला तर नाहीच सापडली, कारण उद्या ट्रक येणार होता.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, नाहीतर जसोदाबाईवर अन्याय होईल. तिने हे कंजूषपणाने केलं नाही. म्हणजे नुसत्या कंजूषपणाने केलं नाही. तिने स्वतः दूध तापवलं, हळद टाकली, साखर टाकली, वरून साय सोडली. स्वतःच्या पितळी गिलासात ओतलं, ज्याला घरात दुसरं कुणी हात लावत नसे. आणि तो गिलास पदराने धरून सुनेच्या खाटेपाशी घेऊन आली.

"पी व बेटा. गरम शे, फुकीसन पी."

चेतना लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिने या म्हशीच्या आईचं दूध काढलं होतं, आता हिचं काढत होती. गिलासभर दूध तिच्या वाट्याला बाळंतपणात तेवढं आलं होतं, तेही मोठ्या नणंदेने दिलेलं. सासूच्या तोंडून 'बेटा' तर कधीच नाही. तिचे डोळे भरून आले. ती दूध प्यायली आणि म्हणाली, "आई, माले बी आते बरं वाटी ऱ्हायनं. सुई नई लेवाई तरी चाली." हात सुजला होता, सुई दुखत होती, आणि नवऱ्याचं तोंड तिला रोज दिसत होतं. तीही सुटली, तोही सुटला. हातातली नळी गिरधरनेच चिकटपट्टी सोलून काढली. थोडं रक्त आलं, त्यावर त्याने चुना दाबला.

म्हशीची सुई मात्र एकही चुकली नाही. एका सकाळी ट्रक भरायचा होता आणि चुनीलाल आला, तर गिरधर हमालांना थांबवून म्हशीची वेसण धरायला गेला. व्यापाऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, पण वेसण सोडली नाही. म्हशीची कास लोण्यासारखी मऊ झाली. सांगितलेले दिवस गेले, कॅन पुन्हा डेअरीला जायला लागली. त्या दिवसापासून पितळी गिलास फडताळात गेला आणि चेतना बागेत गेली. टोळी तिथेच होती, झाडं तशीच उघडी होती, आणि पाणी पुन्हा बंद.

तोड संपत आली होती तेव्हा ती पडली. कागदात गुंडाळलेल्या पपयांच्या ढिगावर आडवी झाली आणि उठलीच नाही. या वेळी कापरं नव्हतं, अंग नुसतं तव्यासारखं. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि मग होईनाशी झाली. ती काहीबाही बोलत होती, ट्रक गेला का विचारत होती. शहाद्याच्या डॉक्टरणीने दारातच पाहिलं आणि नंदुरबारला न्यायला सांगितलं. गाडीत जसोदाबाईने सुनेचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि सगळी वाट ती कुलदेवीला काहीतरी कबूल करत होती.

नंदुरबारच्या दवाखान्यातला डॉक्टर पोक्त होता. चेतना स्ट्रेचरवर शुद्धीत येऊन-जाऊन होती. त्याने गिरधरला विचारलं, "आधीची इंजेक्शनं पूर्ण घेतली होती ना? मध्येच सोडली नाहीत ना?"

"पूर्ण घेतली साहेब," गिरधर म्हणाला. दवाखान्यात तो शाळेची भाषा बोलायचा.

चेतनाने हे ऐकलं. तिने सासूकडे पाहिलं. जसोदाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत होती.

लघवीतले जंतू वाढवून त्यांवर एकेक औषध लावून पाहतात, त्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टरने मायलेकांना बाजूला बोलावलं. "बहुतेक औषधांना हे जंतू दाद देत नाहीत," तो म्हणाला. "शहाद्याला दिलेल्याला तर अजिबात नाही. भारी म्हणतात तीही गेली. एक उरलंय. ते चालेल. पण ते आडदांड औषध आहे. मूत्रपिंड आधीच सुजलंय, त्यामुळे ते अंगातून लवकर बाहेर पडणार नाही, साचेल. साचलं की कानाच्या नसा जाळतं. आम्ही रोज रक्त तपासू, मात्रा सांभाळू. तरीही मी शब्द देऊ शकत नाही."

"कान म्हंजे?" जसोदाबाई म्हणाली. "बहिरी व्हई का ती?"

"होऊ शकते. नाही दिलं तर मात्र वाचणार नाही."

"दुसरं काहीच नाही साहेब?" गिरधरने विचारलं.

"असतं तर हे दिलं नसतं."

गिरधरने सही केली. त्यात त्याची काही चूक नव्हती, कुणीही केली असती. डॉक्टर म्हणाला, "पेशंट शुद्धीत आहे तेव्हा तिला नीट सांगा. तिचे कान आहेत, तिला माहीत पाहिजे." गिरधर खाटेपाशी गेला. चेतनाने डोळे उघडले.

"भारी सुई शे," तो म्हणाला. "बरी व्हई जाशी तू."

"म्हशीले बी देतस का हाई?" तिने विचारलं. ती थट्टा करत होती की तापात होती, कळलं नाही. गिरधरने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि बाहेर जाऊन वडाखाली बसला. कानांचं त्याने सांगितलं नाही, ते नाहीच.

औषध लागू पडलं. हे कबूल केलं पाहिजे, कारण पुढे गावात कुणी कबूल केलं नाही. ताप उतरला, लघवी सुटली, चेतना उशीला टेकून बसली, पेज प्यायली. नंतर ती सारखी विचारू लागली, "मोटर कोन बंद करी नई ऱ्हायनं?" तिला वाटत होतं की खिडकीबाहेर विहिरीवरची मोटर चालू आहे. नर्सने डॉक्टरला सांगितलं, डॉक्टर धावत आला, त्याने मात्रा कमी केली, मग औषधच थांबवलं. पण अंगात जे साचलं होतं ते साचलं होतं. एका सकाळी नर्सच्या हातून ट्रे पडला. सगळा वॉर्ड दचकला. चेतना खिडकीतून वडाकडे बघत राहिली.

यंत्रं लावून तपासलं. नस गेली होती, आणि गेलेली नस परत येत नाही, असं डॉक्टरने सांगितलं. या वेळी चेतनाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तिला कळलंच होतं. ती दोन दिवस रडली आणि आपलं रडणं तिला ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. जसोदाबाई ओट्यावर बसून सांगायची, "साधी बिमारी व्हती. दवाखानावाळासनी भारी सुई दिधी. कान खाई गयी पोरीना." येणारे मान हलवायचे. प्रत्येकाकडे दवाखान्याची एकेक कथा होतीच. गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते काही उगाच नाही; ज्या औषधाने बाई जिवंत समोर बसली होती त्यालाच सगळे शिव्या घालत होते. सांगता सांगता जसोदाबाईची गोष्ट गुळगुळीत झाली. तिच्यात म्हैस कुठेच नव्हती. बहुतेक खुद्द जसोदाबाईलाही आता ती आठवत नसावी, माणसाला सोयीचं विसरता येतं.

चेतना कामाला लागली होती. भाकरी थापायला कान लागत नाहीत. रुपा बोलायच्या आधी आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवायची आणि मग ओठ मोठे करून बोलायची. एकच गोष्ट घरात सगळ्यांना जड जात होती. चेतनाचा आवाज. ज्या सुनेला जसोदाबाईने शिकवलं होतं की वहूचं बोलणं उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, ती आता मीठ मागायची तर तापीपल्याडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. सासू हाताने खूण करायची, हळू. चेतना मान हलवून आवाज कमी करायची, म्हणजे तिला वाटायचं की कमी केला.

रविवारी तिचा मोठा भाऊ नवनीत आला. तळोद्याला शिक्षक होता. आल्या आल्या त्याने बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मग ओट्यावर गिरधरसमोर बसला. समोर रमिलाबाई आणि आजूबाजूच्या दोघी-चौघी आपापल्या दारात निवडण-टिपण घेऊन बसल्या.

"दाजी, हाई कसं व्हयनं? शहाद्याले सुया पुऱ्या दिध्यात ना?"

"दिध्यात ना," गिरधर जमिनीकडे बघत म्हणाला.

"पुऱ्या दिध्यात, भाऊ," जसोदाबाई म्हणाली. "नंदुरबारवाळानीच वाट लायी."

"मंग मी सोडत नई त्याले," नवनीत उठला. "सकायच जास. तक्रार करस. पेपरमा देस. एक बाईना कान खादात त्यानी, त्यानी डॉक्टरकीच बंद करस."

जसोदाबाई म्हणाली, "कर बाबा. कोनी तरी करालेच जोयजे."

चेतना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला शब्द कळत नव्हते, पण भावाचा राग कळत होता, आणि तो कुणावर असणार याविषयी तिला शंका नव्हती. तिच्या मते राग करण्यासारखी जागा एकच होती. भाऊ गाडीकडे निघाला तशी ती मागोमाग गेली. ओट्यापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी, लिंबाखाली तिने त्याचा हात धरला. घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्या कानाशी वाकली.

"भाऊ, आईले काही म्हनू नको," ती म्हणाली.

गल्लीतल्या कोंबड्या बाजूला पळाल्या. रमिलाबाईचं सूप थांबलं.

"सुया आम्हीच बंद कयात. डॉक्टरीननी बजाडीसन सांगेल व्हतं, सोडू नका. पन म्हशीनी न मन्ही दवाई एकच व्हती, म्हनीसन आईनी माले म्हशीनं दूध पाजं. म्हशीन्या सुया पुऱ्या व्हयन्यात. मन्ह्या ऱ्हाई गयात. दवाखानामा यासनी खोटं सांगं, घाबरी गयथात, दुसरं काय. आईना मनमा वाईट नव्हतं रे. इतला वरीसमा पहिलींदाव त्यासनी माले आपला हातवरी गिलास दिधा. बेटा म्हनन्यात. मी बी खुशीमा पी लिधं."

नवनीत तिच्या खांद्यावरून ओट्याकडे बघत होता. जसोदाबाई उठली आणि आत जायच्या ऐवजी तिथेच पुन्हा बसली. दारादारातल्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या, पण कुणाचाच हात हलत नव्हता. गिरधर धावत आला. त्याने बायकोसमोर उभं राहून ओठांवर बोट ठेवलं, एकदा, दोनदा, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

चेतनाने त्याच्याकडे पाहिलं, मग वळून गल्लीकडे. दार आणि दार माणसांनी भरलेलं होतं. तिला काही उमगेना.

"काबरं?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी ते भाऊना कानमा सांगी ऱ्हायनू."